गळा घरचा, यंत्र कोणते?

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर धाकटे बंधू दुकानात आले आणि गादीवर बसताच म्हणाले, "दादा, मुलीला घरीच गाणी ध्वनिमुद्रित करायची आहेत. लाखभराचा लॅपटॉप हवा म्हणते. घ्यावा का?" माझी ही पुतणी हार्मोनियम वाजवते, गळा गोड आहे, दोन-तीन चालीही तिने स्वतः बांधल्या आहेत. प्रश्न साधा होता. मला मात्र पटकन उत्तर देता आले नाही. कारण हाच सौदा मी चार वर्षांपूर्वी एकदा केला होता, आणि तो बुडाला होता.

त्या वेळी चिरंजीवांना संगीताचा असाच ध्यास लागला होता. शहरातल्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्याने संगणकीय खेळांसाठीचा एक भारी लॅपटॉप पुढे केला. "शेठ, याच्या वरचे काही नाही," एवढ्या एका वाक्यावर मी पैसे मोजले. हाताने पोत पाहिल्याशिवाय कापडाचा तागा न घेणारा मी. पण तेथे यंत्र चालू करून त्याला कान लावण्याचे सुचले नाही. घरी आल्यावर चिरंजीव गाऊ लागले, तो प्रत्येक मुद्रणात मागे एकसारखी घरघर. ती त्या यंत्राच्या पंख्याची होती. ज्या ग्राफिक्स कार्डापायी किंमत चढली होती, ते चित्रांच्या कामाचे. गाणे मुद्रित करण्यास त्याचा उपयोग जवळजवळ नाही. दोन महिन्यांत मायक्रोफोन कपाटात गेला आणि लॅपटॉपवर दुकानाची बिले निघू लागली. "झाली ना हौस?" असे मी तेव्हा म्हणालो होतो. ते वाक्य आज आठवले की बरे वाटत नाही.

म्हणून या वेळी पुतणीला समोर बसवून आधी कामाचा हिशेब मांडला. एका गळ्याचे मुद्रण सेकंदाला ४८,००० नमुने आणि २४ बिट या चांगल्या प्रतीने केले, तरी मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा लागते. तासाला अर्धा जीबी. एवढे काम कोणताही बऱ्यापैकी लॅपटॉप सहज पेलतो. यंत्र दमते ते वाद्ये संगणकातून काढू लागल्यावर. तबला, व्हायोलिन, बासरी यांचे मुद्रित स्वर रॅममध्ये भरून ठेवावे लागतात आणि ती कमी पडली की गाणे अडखळते. गळा आणि हार्मोनियम एवढ्यासाठी ८ जीबी चालेल. वाद्यमेळ रचायचा असेल तर १६ जीबी हवी. नवा लॅपटॉप घेणाऱ्यांनी विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: रॅम पुढे वाढवता येते का? पुष्कळ सडपातळ यंत्रांत ती कायमची जोडलेली असते, ॲपलच्या लॅपटॉपमध्ये तर नेहमीच. तेथे कमी घेतले की कमीच राहिले. मॅकबुक एअरच्या २०२० नंतरच्या एम-मालिकेत मात्र पंखाच नाही, हा गाणाऱ्यासाठी मोठा गुण.

दुसरी गोष्ट विलंबाची, आणि नवशिके येथेच निराश होतात. गायलेला स्वर मायक्रोफोनमधून संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत क्षणभर उशीर झाला, तरी ताल सुटतो. संगणक स्वरांचे नमुने गठ्ठ्याने हाताळतो. गठ्ठा ५१२ नमुन्यांचा असेल तर एका फेरीलाच साधारण १०.७ मिलिसेकंद जातात, १२८ चा असेल तर २.७. ध्वनी हवेतून मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ५१२ चा गठ्ठा ठेवणे म्हणजे तबलजीला साडेतीन मीटर दूर बसवण्यासारखे, आणि जाण्यायेण्याच्या दोन फेऱ्या धरल्या तर अंतर दुप्पट. याला उपाय म्हणजे ऑडिओ इंटरफेस, मायक्रोफोन आणि संगणक यांमधली छोटी पेटी. विंडोजवर तिच्यासोबत तिचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर बसवावा. अनेक पेट्यांत गायकाला स्वतःचा स्वर संगणकात न जाता थेट ऐकण्याची सोयही असते. नव्या लॅपटॉपच्या मानाने ही पेटी फार स्वस्त पडते, आणि माझ्या मते पहिला रुपया तिच्यावरच खर्चावा.

सॉफ्टवेअरबाबत पुतणीची यादी लांबलचक होती. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, क्यूबेस, लॉजिक प्रो. यांतले लॉजिक प्रो फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालते, ते लगेच बाद झाले. मॅक असता तर गॅरेजबँड फुकट मिळाले असते, आणि सुरुवातीला ते पुरेसे आहे. आम्ही रीपर निवडले. ६० दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते, मग घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. "मैत्रिणीकडे सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत, मोठे काका," असेही ती म्हणाली. ती चोरीची होती. चोरीचा माल स्वस्त पडतो म्हणून आपण दुकानात घेत नाही, मग घरात का घ्यावा, एवढेच मी विचारले. जाता जाता एक गोष्ट: स्वर आपोआप सुधारणारी साधने बहुधा बारा समान सुरांच्या मापाने स्वर ओढून घेतात. ज्याला मींड आणि श्रुती सांभाळायच्या आहेत, त्याने ती बंदच ठेवावीत.

राहिला यंत्राचा प्रश्न. बंधू म्हणाले, "नवा घेऊ, बिल दुकानाच्या नावे करू, इनपुट टॅक्स क्रेडिट मिळेल." गाण्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ते मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते, ते हसले. तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, बिलांचा लॅपटॉप तिला द्या. बिले जुन्या संगणकावर निघतील." मी पंख्याची आठवण करून दिली. "तो दूर ठेवायचा," ते म्हणाले. "यूएसबीची तार पाच मीटरपर्यंत चालते. मला तेव्हा कोणी सांगितले नाही."

तळाचे झाकण उघडून आणखी ८ जीबी रॅम बसवली. इंटरफेस आणि बंद कपांचे हेडफोन घेतले, मायक्रोफोन कपाटातलाच निघाला. घरातल्या खोलीत मात्र फरशी आणि उघड्या भिंतींमुळे स्वर घुमू लागला. स्टुडिओवाले यासाठी भिंतींना जाड अस्तर लावतात. आमच्या गोदामात तिन्ही बाजूंना छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले आहेत! तेथे टाळी वाजवून पाहिली. प्रतिध्वनी जवळजवळ नाहीच.

आता रविवारी पहाटे पाचला, हमालांच्या हातगाड्या येण्याआधी, गोदाम उघडते. पुतणी ताग्यांच्या मध्ये मायक्रोफोनसमोर बसते. घरघरणारा लॅपटॉप चार मीटरवर, चादरींच्या गठ्ठ्यांमागे असतो. गाणाऱ्याला तेथे हात पोहोचत नाही, म्हणून बटणे दाबायला कोणीतरी लागते. तेथे चिरंजीव बसतात. परवा ती दमून थांबली, तरी ते साडेसातपर्यंत हेडफोन लावून एकच कडवे पुन्हा पुन्हा ऐकत होते. दुकान उघडायला उशीर झाला.