शेजार तोडू नका : बी.ए.तल्या मानसशास्त्राचा विसरलेला इतिहास

१/ "आर्ट्सला राहून मानसशास्त्र? मग ते खरे मानसशास्त्र नव्हे." बारावीनंतर बी.ए.ला हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाक्य हमखास ऐकावे लागते. यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यातली मुलगीही त्याला अपवाद नसते. हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हे दाखवण्यासाठी हा धागा. त्या वाक्यावर धोरण बेतले गेले तर सर्वांत मोठी किंमत यवतमाळसारख्या जिल्ह्यांना मोजावी लागेल. #धागा #इतिहास

२/ आरंभ शब्दांपासून करावा. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, तर्कशास्त्र ही सारी 'शास्त्रे' मराठी विद्यार्थी कला शाखेतच शिकत आला आहे. 'कला' म्हणजे येथे चित्र-नृत्य नव्हे. युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांत ज्या सात 'कला' शिकवल्या जात, त्यांत व्याकरण, वक्तृत्व आणि तर्क यांच्याबरोबर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलही होते. बी.ए. या नावातील 'ए' त्या परंपरेचा आहे.

३/ मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघेही बी.ए. पुढे रानडे यांनी अर्थकारण, इतिहास आणि धर्म या तिन्ही विषयांवर अधिकाराने लिहिले. मनाचा अभ्यास त्या काळी तत्त्वज्ञानाच्या पोटात होता. एका माणसाने अनेक विषयांत बुद्धी चालवावी, हीच त्या पदवीची अपेक्षा होती.

४/ "पण आधुनिक मानसशास्त्र प्रयोगशाळेत जन्मले," असा प्रतिवाद होतो. बरोबर. १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट याने ती प्रयोगशाळा उभारली. मात्र लाइपझिगमध्ये वुंट तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर होता. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापण्यासाठी जे नियतकालिक काढले, त्याच्या नावाचा अर्थ 'तत्त्वज्ञानविषयक अभ्यास' असा होतो. पहिली प्रयोगशाळा तत्त्वज्ञानाच्या घरातच उभी राहिली.

५/ दुसरे उदाहरण हर्मान एबिंगहाउस याचे. विस्मरणाचा वेग मोजणारा त्याचा ग्रंथ १८८५ चा. डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. साधने कोणती? निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या, घड्याळ आणि प्रयोगविषय म्हणून तो स्वतः. काटेकोर पद्धतीमुळे ते संशोधन शास्त्रीय ठरले. शाखेचे नाव कोणी विचारले नाही.

६/ भारतातही हेच घडले. कलकत्ता विद्यापीठासाठी प्रायोगिक मानसशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम १९०५ मध्ये आखला तो ब्रजेन्द्रनाथ सील या तत्त्वज्ञाने. त्या पायावर १९१६ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि हार्वर्डहून शिकून आलेले नरेन्द्रनाथ सेनगुप्त त्याचे प्रमुख झाले. भारतीय मनोविश्लेषण संस्था १९२२ मध्ये स्थापणारे गिरीन्द्रशेखर बोस डॉक्टर होते; तरीही त्यांनी याच विद्यापीठातून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. वैद्यकाची पदवी हाती असताना मनाचा अभ्यास वेगळा करावा लागतो, हे त्यांना पटले होते.

७/ इतिहासप्रेमींनी निलगिरीतील एक प्रसंगही ध्यानात ठेवावा. केंब्रिजचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १९०१-०२ मध्ये तोडा समाजात दृष्टिभ्रमांचे प्रयोग केले. बाणांची टोके आत वा बाहेर वळवली की समान लांबीच्या दोन रेषा असमान दिसतात. हा म्यूलर-लायर भ्रम. इंग्रजांच्या तुलनेत तोडा लोक त्याला कमी फसले. साधी रेषासुद्धा माणूस कुठे आणि कसा वाढला यावर अवलंबून दिसत असेल, तर समाज वगळून मनाचा अभ्यास कसा करणार?

८/ आता महाराष्ट्र. पुणे विद्यापीठ १९४९ चे. तेथे १९५० मध्ये प्रा. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याच्या नावातच 'प्रायोगिक' हा शब्द होता. मुंबई विद्यापीठात १९५९ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आला. या विभागांना विद्यार्थी कोण पुरवत होते? मुख्यतः गावोगावच्या महाविद्यालयांतले बी.ए.चे वर्ग.

९/ विदर्भात उच्च शिक्षण उशिरा पोहोचले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे, नागपूर विद्यापीठ १९२३ चे. वऱ्हाडात, म्हणजे अमरावतीत, किंग एडवर्ड कॉलेजही १९२३ चेच. आज त्याचे नाव शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. एका छताखाली दोन्ही शाखा. यवतमाळ ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, ते अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूरपासून वेगळे झाले. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले.

१०/ या विलंबाने आलेल्या शिक्षणाला तळागाळात नेले ते सर्वसाधारण बी.ए.ने. भाषा आवश्यक आणि त्यांच्या जोडीला तीन ऐच्छिक विषय, ही जुनी रचना. मानसशास्त्र घेणारा विद्यार्थी शेजारी अर्थशास्त्र घेई, समाजशास्त्र घेई, इतिहास घेई. महागडे शुल्क नाही, प्रवेशपरीक्षेचे शिकवणी वर्ग नाहीत, वसतिगृहाचा खर्च नाही. घरून बसने जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर पदवी. पहिल्या पिढीतील शिकणाऱ्यांसाठी हेच दार उघडे होते.

११/ "पण प्रात्यक्षिकाचे काय?" बी.ए.च्या मानसशास्त्राला प्रात्यक्षिक असते, हे टीकाकारांना बहुधा ठाऊक नसते. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचा प्रयोग, अक्षरांच्या याद्या पाठ करण्याचा प्रयोग, रिव्हर्सने तोडांना दाखवला तोच रेषांचा भ्रम. पुठ्ठा, आरसा, स्टॉपवॉच आणि नोंदवही एवढ्यावर यांतील बरेच काही होते. जेथे प्रात्यक्षिक केवळ वहीत उरले आहे तेथे दोष रिक्त पदांचा आणि ढिलाईचा आहे. तो कला शाखेच्या माथी मारता येणार नाही.

१२/ आता मुद्द्याचा गाभा. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे कुटुंबाची १९ मार्च १९८६ ची शोकांतिका ही महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या नोंदलेल्या इतिहासाचा आरंभ मानली जाते. वीस वर्षांनी, २००६ मध्ये, केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्यांत होते. कर्ज, व्याज, सिंचन, बियाणे हे सारे त्यात आले. या दुःखाला एक अर्थशास्त्र आहे, हे शासनाने त्या दिवशी मान्य केले.

१३/ म्हणून येथे दोन चुका टाळाव्या लागतात. "शेतकऱ्याला समुपदेशन द्या, प्रश्न सुटेल" ही पहिली. कापसाच्या भावाची जागा धीराच्या शब्दांना घेता येत नाही. "भाव द्या, मनाचे पाहू नका" ही दुसरी. झोप उडालेल्या, बोलणे थांबलेल्या माणसाला पुढच्या हंगामापर्यंत जगवावेही लागते. ज्याने मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच बाकावर बसून वाचले, त्याला या दोन्ही चुका एकदम दिसण्याची शक्यता अधिक असते.

१४/ हा विचार नवा नाही. आत्महत्येच्या सामाजिक कारणांचा गाजलेला अभ्यास एमिल द्युर्केम याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केला. तोही मूळचा तत्त्वज्ञानाचा अध्यापक. १८८५-८६ मध्ये तो जर्मनीत गेला, तेव्हा लाइपझिगच्या वुंटच्या कार्याने प्रभावित झाला होता. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्यात त्यानेच पुढे काटेकोर सीमा आखली. पण सीमा आखण्यासाठीही शेजाऱ्याची ओळख लागते.

१५/ विदर्भातला पुरावा पाहा. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्य उपक्रम राबवला गेला. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्यामागे समुपदेशक आणि गरजेपुरते मानसोपचारतज्ज्ञ, अशी त्याची उतरंड होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त प्रसिद्ध झाले. गावाची भाषा आणि गावाचे ताण जाणणारी माणसे येथे कामी आली.

१६/ विरोधकांचा सर्वांत सबळ आक्षेपही मांडलाच पाहिजे. बी.ए. होताच 'समुपदेशक' अशी पाटी लावणारे लोक असतात आणि ते रुग्णांचे नुकसान करू शकतात. आक्षेप खरा आहे. बी.ए.ने निदान करण्याचा वा उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही, मिळूही नये. इतिहासाची पदवी घेतल्याने कोणी पुरातत्त्वीय उत्खनन चालवू लागत नाही. म्हणून इतिहासाची पदवी बंद करा, असे मात्र कोणी म्हणत नाही.

१७/ कायद्याची भाषा येथे अधिक सुज्ञ आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता येते. तिला पर्याय म्हणून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि तिच्यापुढे देखरेखीखालील प्रशिक्षणासह दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. ही वाटही दिली आहे. पदवी कला शाखेची की विज्ञानाची, असा प्रश्न ही व्याख्या विचारत नाही. शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर कडक पहारा असावा. पहिली पायरी काढून घेणे म्हणजे पहारा नव्हे.

१८/ आणि काढून घेण्याचे काम सुरू झाले आहे. २०२१ च्या कायद्याने आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला. त्याच्या कक्षेत येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून ठरवले. त्यांत मानसशास्त्र आहे. बहुविषयक बी.ए.चे काय? इतिहास राहील, अर्थशास्त्र राहील, समाजशास्त्र राहील. मानसशास्त्र तेवढे वगळावे. म्हणजे शतकाचा शेजार एका परिपत्रकाने तुटला.

१९/ नियमित महाविद्यालयांतील बी.ए.ला या निर्णयाने हात लागलेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण दूरस्थ शिक्षण कोण घेते? महाराष्ट्राने १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठ उभारले ते नोकरी करणाऱ्यांसाठी, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्यांसाठी. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या तरुणाला सकाळचा वर्ग कसा जमावा? प्रात्यक्षिकाविना मानसशास्त्र अपुरे, हे मान्य. मग जिल्ह्याच्या महाविद्यालयांत सुट्टीच्या दिवशी प्रात्यक्षिक सक्तीचे करता आले असते. तो मार्ग सोडून दार लावले गेले.

२०/ गरजेचा आकडा दुसरीकडे उभाच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. एवढी दरी महानगरांतील मोजक्या जागा भरून काढणार नाहीत. पुढे तज्ज्ञ होणारी मुले आधी कुठेतरी या विषयाच्या प्रेमात पडावी लागतात.

२१/ मागण्या तीनच. नियमित बी.ए.तील मानसशास्त्राची रिक्त पदे भरा आणि प्रात्यक्षिक खरेखुरे घ्या. दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी जिल्हानिहाय प्रात्यक्षिक केंद्रांसह हा विषय परत आणा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या मुख्य-दुय्यम विषयांच्या रचनेत मानसशास्त्राबरोबर अर्थशास्त्र, समाजशास्त्र वा इतिहास घेण्याची मोकळीक प्रत्यक्ष वेळापत्रकातही द्या. कागदावरची मोकळीक तासांच्या गोंधळात नाहीशी होते.

२२/ वुंट तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर होता, सील तत्त्वज्ञ होते, एबिंगहाउसच्या हाती घड्याळ आणि अक्षरे होती. लोहाऱ्यातून बसने यवतमाळला जाऊन बी.ए.ला मानसशास्त्र शिकणारी मुलगी याच वंशावळीत बसते. तिने कोणाचीही क्षमा मागण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी कोणी "आर्ट्सचे मानसशास्त्र" म्हणून हसले, तर त्याला १८७९ साली लाइपझिगच्या प्रयोगशाळेचा प्रमुख कोणत्या विषयाचा प्राध्यापक होता, एवढेच विचारावे. (समाप्त)