‘प्रश्न उद्भवत नाही’

विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या छापील प्रश्नोत्तरांचे गठ्ठे ज्यांनी कधी चाळले असतील, त्यांना एक वाक्य चांगलेच परिचयाचे असेल. सदस्य विचारतो, ‘हे खरे आहे काय?’ मंत्री उत्तर देतात, ‘हे खरे नाही.’ सदस्याने पुढे विचारलेले असते, ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ त्यावर ठरलेले उत्तर येते, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ कारकुनी भाषेतील हे तीन शब्द निरुपद्रवी दिसतात. पण कधी कधी एका देशाची सारी राजकीय नीती त्यांत सामावलेली असते.

१४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत असेच घडले. त्या वर्षीच्या मार्चअखेर लादलेल्या टाळेबंदीत शहरांतून गावाकडे पायी निघालेल्या मजुरांपैकी किती जण वाटेत मरण पावले आणि त्यांच्या कुटुंबीयांना शासनाने काही भरपाई दिली काय, असा प्रश्न सदस्यांनी विचारला होता. श्रम मंत्रालयाने लेखी उत्तर दिले, की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. आणि ज्याअर्थी आकडेवारी नाही, त्याअर्थी भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले, हा हिशेब मात्र त्याच मंत्रालयाने त्याच अधिवेशनात दिला. म्हणजे परतलेल्यांची मोजणी झाली होती, न परतलेल्यांची झाली नव्हती. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले, हे साऱ्या महाराष्ट्राने वाचले होते. सरकारच्या दप्तरात त्यांचा प्रश्न उद्भवत नव्हता.

या उत्तराहूनही गंभीर बाब अशी, की त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द करण्यात आला होता. साथीचे कारण सांगितले गेले. लेखी उत्तरे चालूच आहेत, मग बिघडले काय, असा युक्तिवादही झाला. बिघडले ते हे, की उत्तर ऐकून जागच्या जागी उठून उपप्रश्न विचारण्याची सोय उरली नाही. काही दिवसांनी राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांनी एका लेखी उत्तरात सांगितले, की श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत सत्त्याण्णव जण मरण पावले होते, आणि ही माहिती राज्यांच्या पोलिसांकडून मिळाली होती. म्हणजे एका खात्याला जी माहिती मागवून घेता आली, ती दुसऱ्या खात्याने मागवलीच नव्हती. मंत्री समोर उभे असते तर कोणीही सदस्य विचारू शकला असता, ‘पोलिसांकडे नोंद आहे, मग आपण ती का मागवली नाही?’ लेखी उत्तराला असा प्रतिप्रश्न नसतो. कागद बोलत नाही, आणि तो अडखळतही नाही.

उपप्रश्नाचा हा अधिकार आपल्याला सहज मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील हिंदी सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, तीही पूर्वसूचना देऊन. उपप्रश्नाला परवानगी नव्हती. अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि १९१९ नंतर तो अधिकार सर्वच सदस्यांना मिळाला. ब्रिटिश राज्यकर्त्यांनी हा अधिकार इतक्या काटकसरीने, हप्त्याहप्त्याने दिला, याचे कारण त्याचे सामर्थ्य ते पूर्णपणे ओळखून होते.

मत देण्याचा अधिकार नसतानाही काय करता येते, हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी दाखवून दिले. २६ मार्च १९०२ रोजी केलेल्या त्यांच्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणाची शिल्लक हीच बाजू होती. तिजोरीत शिल्लक पडते आहे, म्हणून सरकार स्वतःची पाठ थोपटत होते. गोखल्यांनी विचारले, की प्रजा दरिद्री होत असताना ही शिल्लक आली कोठून? मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांमुळे घडले, असे कोणी म्हणणार नाही. पण दरवर्षी तेच आकडे, तोच प्रश्न, अधिक पुराव्यानिशी सरकारपुढे ठेवणारा एक अभ्यासू प्राध्यापक सभागृहात होता, याला इतिहासात किंमत आहे.

स्वातंत्र्यानंतर या अधिकाराची कसोटी लवकरच लागली. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. दुसऱ्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांहून अधिक किमतीचे शेअर विकत घेतले. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत यासंबंधी प्रश्न आला, तेव्हा गोलमाल उत्तर मिळाले. सदस्य गप्प बसले नाहीत. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी महामंडळाच्या व्यवहाराची कागदोपत्री चिरफाड केली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे खुली चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते, पंतप्रधानांचे जावई होते, हे विसरता कामा नये. आणि समाजवाद्यांनी आणखी एक धडा घ्यावा, की उद्योग सार्वजनिक झाला एवढ्याने तो जनतेचा होत नाही. त्याला जाब विचारण्याची व्यवस्था जागती असेल, तरच तो जनतेचा राहतो.

दुसरी कसोटी १९६३ ची. फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून डॉ. राममनोहर लोहिया त्याच वर्षी लोकसभेत आले होते. देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सभागृहात सांगितले. पंतप्रधान नेहरूंनी नियोजन आयोगाच्या आधारे पंधरा आण्यांचा आकडा दिला. वरवर पाहता हा दोन आकड्यांचा झगडा होता; खरा वाद सरासरी या कल्पनेविषयी होता. राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की एक संख्या मिळते, पण तीत गिरणीमालक आणि भूमिहीन मजूर एकाच पंगतीला बसवलेले असतात. सरासरीने कोणाचे पोट भरत नाही. तळाच्या माणसाचे उत्पन्न वेगळे मोजा, हा लोहियांचा आग्रह होता, आणि त्या वादानंतर दारिद्र्य मोजण्याचा प्रश्न टाळणे कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाला शक्य राहिले नाही. सभागृहातील एका प्रश्नाने एक अख्खी ज्ञानशाखा जागी केली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता आजची स्थिती पाहू. आपल्या संविधानानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, आणि सभागृहाच्या संमतीवाचून तिजोरीतील एक पैसाही खर्च करता येत नाही. प्रत्यक्षात काय घडते? पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठकी झाल्या. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेत अवघ्या २७४. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादीत असतात. त्यांपैकी जेमतेम चार-पाच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात, गोंधळ झाला तर एकही नाही. खात्याखात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चेसाठी ठरवलेली मुदत संपली, की उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम मताला टाकण्याची ‘गिलोटिन’ नावाची पद्धत आहे. ती अपवादासाठी होती. २०१३, २०१८ आणि २०२३ या वर्षी सर्वच मागण्या तिच्याखाली गेल्या. २०२३ चा अर्थसंकल्प सुमारे पंचेचाळीस लाख कोटी रुपयांचा होता. एकाही खात्याच्या खर्चावर चर्चा न होता तो संमत झाला. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती, हेही नोंदवले पाहिजे. हा रोग कोणा एका पक्षाचा नाही. सत्तेचाच तो स्वभाव आहे.

महाराष्ट्रात याहून बरे चित्र आहे, असे समजू नये. पुरवणी मागण्या या अकल्पित खर्चासाठी असतात. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळापुढे सुमारे ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या ठेवल्या गेल्या. मूळ अर्थसंकल्प सहा लाख कोटींच्या घरात. तो मांडून महिनाही झालेला नसताना त्याच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाइतकी जादा रक्कम मागावी लागते, तेव्हा मूळ अंदाजपत्रकाला ‘अंदाज’ तरी का म्हणावे? हा खर्च आधी दिसत नव्हता, की आधी दाखवायचा नव्हता? असे विचारणे हे सदस्यांचे कर्तव्य होते, आणि मंत्र्यांनी उत्तर देणे हे उपकार नव्हेत.

या राज्याला वेगळी परंपरा आहे म्हणून हे अधिक खटकते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप आले. विधिमंडळाने ती केवळ संमत करून सोडली नाही; तिच्यावर देखरेखीसाठी स्वतंत्र समिती नेमली. आमदार प्रत्यक्ष कामावर जाऊन हजेरीपट पाहत, मजुरी वेळेवर मिळते काय हे विचारत. मृणाल गोरे पाण्याचा प्रश्न घेऊन उठल्या की मंत्र्यांना कागद सावरून बसावे लागे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. दुष्काळी तालुक्याचा पाण्याचा हिशेब त्यांनी प्रत्येक सभागृहात मागितला. या लोकप्रतिनिधींकडे सत्ता क्वचितच होती. त्यांच्याकडे प्रश्न होते.

प्रस्तुत लेखकाने तीस वर्षांहून अधिक काळ एका जिल्ह्याच्या गावी सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकवला. विद्यार्थ्यांना एक अभ्यास देत असे, की अर्थसंकल्पातील एक ओळ निवडा आणि तो पैसा आपल्या तालुक्यात पोहोचला काय, ते शोधा. एका वर्षी काही मुलांनी आश्रमशाळेच्या इमारतीची तरतूद निवडली. कचेरीतून त्यांना तीन वेळा परत पाठवण्यात आले. अखेर त्यांनी तो प्रश्न एका विरोधी आमदारांकडे नेला. अधिवेशनात तो तारांकित म्हणून लागला, आणि निधी दुसरीकडे वळवल्याचे चार ओळींच्या उत्तरात मान्य झाले. पुढच्या वर्षी भिंती उभ्या राहिल्या. त्या मुलांपैकी एक जण नंतर म्हणाला, ‘सर, राज्यशास्त्राचे पुस्तक मला त्या दिवशी समजले.’

दोष केवळ सरकारचा नाही, हे आपण आपल्याशी तरी कबूल केले पाहिजे. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल संसदेच्या अकरा सदस्यांना बडतर्फ व्हावे लागले. प्रश्न विक्रीला निघतो, तेव्हा जनतेचा आवाज विकला जातो. विरोधी पक्षही अनेकदा प्रश्नोत्तराच्या तासातच फलक घेऊन हौद्यात उतरतात. अन्यायाविरुद्ध संताप हवाच. पण तास बंद पडला की सुटकेचा निःश्वास कोण टाकतो, याचा विचार संतापलेल्यांनी करावा. मधू लिमये यांनी सभागृहाचे नियम तोंडपाठ केले होते आणि त्याच नियमांच्या आधारे बलाढ्य मंत्र्यांना कोंडीत पकडले. १९७६ मध्ये लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा जनतेने न दिलेली मुदत नको म्हणून याच गृहस्थाने तुरुंगातून राजीनामा दिला. सभागृहाबद्दल इतका आदर असणारा माणूसच त्याचे शस्त्र इतक्या धारेने वापरू शकतो.

उपाय अवघड नाहीत. संविधानाच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये लोकसभेच्या किमान १२० बैठकींची शिफारस केली होती. तिला कायद्याचे बळ द्यावे, आणि राज्यांसाठीही असा आकडा ठरवावा. प्रश्नोत्तराचा तास केवळ सरकारच्या इच्छेने रद्द होऊ नये. त्यासाठी दोनतृतीयांश बहुमताची अट असावी. १९६२ च्या युद्धाचे, १९७५ च्या आणीबाणीचे, २०२० च्या साथीचे कारण सांगून तो थांबवला गेला. संकटात खर्च वाढतो आणि अधिकार एकवटतात. म्हणून नेमका तेव्हाच प्रश्न अधिक हवा. विषयवार समितीने तपासल्याशिवाय कोणत्याही खात्याची मागणी मताला टाकू नये. आणि पुरवणी मागण्यांना मूळ अर्थसंकल्पाच्या प्रमाणात मर्यादा घालावी.

पण नियमांनी सारे होत नाही. प्रश्न सभागृहात जन्मत नाही. तो रेशनच्या दुकानासमोर, बंद पडलेल्या दवाखान्यात, थकलेल्या मजुरीच्या हजेरीपटावर जन्मतो. तो तेथून उचलून, तारीख-वार आणि आकड्यांसह लोकप्रतिनिधीच्या हाती देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. आपल्या तालुक्यातून यंदाच्या अधिवेशनात किती प्रश्न गेले, हा हिशेब आपण प्रथम आपल्या शाखांकडे मागावा.

रुळांवर झोपलेल्या त्या सोळा जणांना कोणत्याही सभागृहात उभे राहता येणार नव्हते. त्यांच्या वतीने उभे राहण्यासाठीच तर आपण प्रतिनिधी पाठवतो. ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे शासन म्हणेल तेव्हा, ‘उद्भवतो, मंत्रिमहोदय, आणि मी तो पुन्हा विचारतो आहे,’ असे म्हणणारा एक जण तरी सभागृहात असला पाहिजे.