रिमोटला वेसण, आराखडा मात्र मोकाट

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केले की, देशातील वातानुकूलन यंत्रे यापुढे २० अंशांखाली आणि २८ अंशांवर जाणार नाहीत अशी तरतूद करण्यात येईल. घरे, हॉटेले, मोटारी, सर्वांना एकच नियम. माध्यमांनी ही बातमी विज्ञानाची म्हणून छापली, समाजमाध्यमांवर १८ अंशांचे भक्त आणि २४ अंशांचे पुरस्कर्ते एकमेकांवर तुटून पडले, आणि आठवडाभरात विषय निवला. त्या गदारोळात एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही: मुळात माणसाला १८ चे बटण दाबावेसे का वाटते?

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे असे की, तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. हे गणित खोटे नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली. त्यामुळे शासनाची धास्तीही समजण्यासारखी आहे. माझा आक्षेप निराळा आहे. कार्यालये, मॉल, रुग्णालये, शिकवणी वर्ग यांतील विजेची उधळपट्टी बहुतांशी रिमोट हातात येण्यापूर्वीच ठरून गेलेली असते. ती कागदावर ठरते, आणि पुष्कळदा तो कागदही नसतो.

आपल्याकडे व्यावसायिक वातानुकूलनाचे नियोजन बहुधा एका वाक्यात उरकते: शंभर-दीडशे चौरस फुटांना एक टन. टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो तो दर, आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॅट. आता विद्यार्थ्यांच्या परिचयाची जागा घेऊ. स्पर्धा परीक्षांची एक अभ्यासिका, हजार चौरस फुटांची, आत पन्नास मुले. शंभर फुटांचा ठोकताळा म्हणतो, दहा टन. पण बसलेला माणूस साधारण ११५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. पन्नास जणांचे दीड टनांहून अधिक झाले. त्याच जागेत दहा माणसांचे कार्यालय थाटले तर हा आकडा पाऊण टनाच्याही निम्म्यावर येतो. पश्चिमेला वीस चौरस मीटर साधी काच असेल, तर उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास तिच्यातून दोन-तीन टन उष्णता आत येते. तीच काच उत्तरेला असेल तर फारच कमी. ठोकताळ्याला ना माणसे दिसतात, ना दिशा.

आणि त्याला हवा तर मुळीच दिसत नाही. माणशी सेकंदाला आठ लिटर ताजी हवा द्यायची म्हटले, तर या अभ्यासिकेला सेकंदाला ४०० लिटर हवा लागेल. चेन्नईच्या दमट ३५ अंशांतली एवढी हवा आतल्या २४ अंशांवर आणायला अंदाजे पाच टन खर्ची पडतात आणि त्यांतला दोन तृतीयांशाहून अधिक भाग हवेतले बाष्प काढण्यात जातो. दिल्लीच्या मे महिन्यातल्या कोरड्या ४३ अंशांत हेच काम निम्म्याहूनही कमी टनांत होते. तापमापी पाहून कोणालाही उलटेच वाटेल! चेन्नई आणि दिल्लीला एकच टनांचा हिशेब लावणाऱ्याने आर्द्रता हा शब्द शाळेतच सोडून दिलेला असावा.

यातून पळवाट कोणती काढली जाते ते आपण रोज अनुभवतो. ताजी हवाच द्यायची नाही. भिंतीवरचे स्प्लिट यंत्र खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते. बाहेरची हवा ते आणत नाही, हे वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते. बसलेला माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पन्नास जणांचा तो वायू २८० घनमीटरच्या बंद खोलीत कोंडला, तर दर तासाला प्रमाण दहा लाखांत तीन हजारांहून अधिक भागांनी वाढू शकते. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असते. दारे उघडझाप होतात, फटी असतात, म्हणून प्रत्यक्षात एवढे वाढत नाही. पण दुपारच्या त्या जडपणाला मुले स्वतःचा आळस समजतात, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आता १८ च्या बटणाकडे येऊ. ठोकताळ्याने आलेल्या आकड्यावर कंत्राटदार ‘सेफ साइड’ म्हणून आणखी टन चढवतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा झटकन थंड करते आणि थांबते. बाष्प काढण्यासाठी गार कॉइलवरून हवा जितका वेळ फिरायला हवी तितका वेळ ती फिरत नाही. खोली गार पण ओलसर, चिकट राहते. माणूस अस्वस्थ होतो आणि हातात असलेला एकमेव उपाय करतो: आकडा खाली आणतो. इन्व्हर्टर यंत्रे वेग कमी करून हा दोष बराच सौम्य करतात, पण त्यांच्याही वेगाला खालची मर्यादा असते. सरकारने बंदी जाहीर केली ती या माणसाच्या उपायावर. ज्याने त्याला तिथवर आणले, त्याला साधी नोटीसही नाही.

उभारणीची कथा याहून वाईट आहे. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर त्यांतून नायट्रोजन दाबाखाली भरून गळती तपासायची, मग निर्वात पंपाने आतली हवा आणि ओल खेचून काढायची, आणि नंतरच शीतक सोडायचे, हा प्राथमिक धडा आहे. घाईच्या कामात पंप गाडीतच राहतो. थोडा गॅस सोडून नळीतली हवा ‘ढकलून’ दिली जाते. मागे राहिलेली ओल काँप्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते, मागे राहिलेली हवा दाब वाढवते, आणि वातावरणात गेलेला गॅस कुठल्याही बिलात दिसत नाही. आर-४१०ए या शीतकाचा एक किलो निसटला तर तापमानवाढीवर त्याचा परिणाम सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो. किगाली करारानुसार भारताला २०२८ मध्ये अशा शीतकांचा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. ते आश्वासन दिल्लीत दिले गेले. पाळायचे आहे ते गच्चीवर उन्हात पाना घेऊन बसलेल्या मेकॅनिकने, ज्याला रोजाचे पैसे जोडलेल्या यंत्रांच्या संख्येवर मिळतात. त्याला दोष देणे सोपे आहे, म्हणूनच मी देणार नाही. त्याच्या कामाला दोन तास जास्त लागतील असे निविदेत कोणी लिहिले?

त्याच गच्चीवरून खाली डोकावून पाहा. इमारतीच्या मागच्या चिंचोळ्या पोकळीत आउटडोअर युनिटे एकावर एक रचलेली असतात. खालच्याचा तप्त उच्छ्वास वरचे घेते, वरच्याचा त्याच्या वरचे. शीतक ज्या तापमानाला द्रवरूप होते ते एका अंशाने वाढले की वीज साधारण दोन-तीन टक्के जास्त लागते. यंत्रावर पाच तारे असतात, पण ते प्रयोगशाळेत मिळालेले. या पोकळीत त्यांतले किती उरतात हे मोजायला कोणी येत नाही.

हे असेच चालू राहते, कारण ज्याने निर्णय घ्यायचा त्याला किंमत मोजावी लागत नाही. यंत्रणा बिल्डर विकत घेतो, बिल भाडेकरू भरतो. सल्लागाराचे शुल्क अनेकदा प्रकल्पखर्चाच्या टक्क्यांवर ठरते, म्हणजे चिलर लहान केला तर त्याचेच उत्पन्न घटते. जागा गार झाली नाही तर तक्रार येते; दुप्पट वीज खाऊन गार झाली तर आभार मानले जातात.

‘हे सगळे महाग पडते’ हा ठरलेला बचाव. इन्फोसिसने २०११ च्या सुमारास हैदराबादला एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीची हवेची यंत्रणा बसवली, तीही चांगल्या प्रतीची. दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी फिरवले आणि ताज्या हवेतली आर्द्रता वेगळ्या यंत्रणेने काढली. दोन्ही बाजूंची वीज स्वतंत्र मोजली. दुसऱ्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली आणि उभारणीचा खर्चही जास्त आला नाही. प्रत्येक कार्यालयाने स्लॅबमध्ये नळ्या घालाव्यात असे मी म्हणत नाही. पण हे मोजून दाखवता आले, कारण मीटर बसवायचे हे आधीच ठरले होते.

ज्ञानाची वानवा नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच शहरांतल्या कार्यालयांत सहा हजारांहून अधिक प्रतिसाद गोळा करून दाखवले की, भारतीय माणसाला सुखद वाटणारे तापमान बाहेरच्या ऋतूबरोबर सरकते; ते प्रारूप राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये आले. व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जासंवर्धन संहिता २००७ पासून आहे, २०१७ मध्ये ती सुधारली. २०१९ च्या राष्ट्रीय शीतन कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतनासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट लिहून ठेवले. पण संहिता केंद्राने करायची, अधिसूचना राज्यांनी काढायची आणि बांधकामाचे नकाशे महापालिकांनी तपासायचे, अशा तीन हातांतून जाताना ती नकाशावरच थांबते. इमारत उभी राहिल्यावर आत हवा किती येते, वीज किती जाते, हे तपासणारा चौथा हात नाही.

तेव्हा २०-२८ ची चर्चा पुन्हा निघेल, तेव्हा मागणी अशी करावी. मोठ्या वातानुकूलित इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी उष्णताभाराचा खोलीवार हिशेब, नळ्यांच्या गळती व निर्वात चाचणीची नोंद आणि माणशी ताज्या हवेचे मोजमाप दाखल झाले पाहिजे. वर्षभरानंतर प्रति चौरस मीटर प्रत्यक्ष वीजवापर दारावर लावला पाहिजे. सुरुवात केंद्राच्या स्वतःच्या कार्यालयांपासून करावी. तिथे बांधणारे सरकार, वापरणारे सरकार आणि बिल भरणारेही सरकारच. परवानगी मागायला कोणाकडे जावे लागणार नाही.