रक्ताचा वारसा आणि मैत्रीचा अधिकार

प्रणयकथेत मंत्रतंत्र आले की टीकाकाराने नाक मुरडावे, असा एक शिष्टाचारच होऊन बसला आहे. तो आम्हांस मान्य नाही. अद्भुत हा वाङ्मयाचा दोष नव्हे. अद्भुताच्या आडून माणसाची जबाबदारी चुकविणे हा मात्र दोष होय. नोरा रॉबर्ट्स या अमेरिकन लेखिकेने २०१३ व २०१४ या सालांत प्रसिद्ध केलेली, आयर्लंडच्या मेयो परगण्यातील काँग या गावी घडणारी कादंबरीत्रयी याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

कथानक थोडक्यात असे. तेराव्या शतकात सोर्खा नावाची जादूगारीण कॅव्हन या दुष्ट मांत्रिकाशी झुंजत मरते. तिचे सामर्थ्य तिच्या तीन अपत्यांत व पुढे वंशजांत उतरते. 'शॅडो स्पेल' या मधल्या भागात त्या कुळातील कॉनर व त्याची बालमैत्रीण मिअरा यांच्या स्नेहाचे प्रेमात रूपांतर होते. तो ससाणे बाळगणारा, ती पागेत राबणारी. तिच्या रक्तात जादूचा थेंबही नाही. तिचा वारसा निराळाच आहे: बाप घर बुडवून, कुटुंब टाकून निघून गेला. तेव्हा प्रेम म्हणजे पुढील विश्वासघाताची नांदी, असे तिच्या मनाने घेतले आहे. या भयावर कॉनरजवळ मंत्र नाही. तिचे तिलाच निर्भय व्हावे लागते. आमच्या मते त्रयीतील खरे वाङ्मय ते हेच.

परंतु ज्या लेखिकेला हे उमगले, तिनेच फिन या पात्राचा न्याय निराळ्या मापाने केला आहे. फिन हा कॅव्हनचा वंशज. त्याच्या अंगावर त्या कुळाची खूण उमटते, आणि तेवढ्यावरून कॉनरची बहीण ब्राना आपल्या प्रियकरास दूर लोटते. अखेरीस दोघे एकत्र येतात, हे खरे. पण तोवर एका निरपराध पुरुषाने पूर्वजाच्या पापाचा जाब वर्षानुवर्षे का द्यावा? जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची खोड ज्या समाजातून अद्याप गेलेली नाही, त्यातील वाचकाने तरी हा न्याय काव्यमय म्हणून गोड मानून घेऊ नये.

कोणी म्हणेल, ही करमणूक आहे. तिच्याशी इतके भांडण कशाला? त्यास आयर्लंडचाच इतिहास उत्तर देतो. १८९५ साली टिपरेरी परगण्यात मायकेल क्लिअरी याने आपली पत्नी ब्रिजेट हिला जाळले. ही आपली पत्नीच नव्हे, अद्भुत योनीतील लोकांनी तिच्या जागी ठेवलेली दुसरीच कोणी आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने त्यास मनुष्यवधाबद्दल शिक्षा ठोठावली. समोरच्या माणसाकडे न पाहता त्याच्या मागे उभ्या केलेल्या गूढाकडे पाहण्याची सवय कोठवर जाते, हे यावरून दिसेल. कादंबरी आणि खून यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. पण सवय एकच आहे.

म्हणून जादूवर बहिष्कार नको. जादूने वादळे उठवावीत, ससाण्याच्या डोळ्यांनी डोंगर दाखवावेत. फक्त कोणी कोणावर प्रेम करावे व कोण विश्वासास पात्र, हा निर्णय तिने रक्तास विचारून देऊ नये. तो अधिकार मैत्रीचा आहे. कारण मित्र आपले कूळ पाहून नव्हे, आपली वर्तणूक पाहून आपणांस ओळखतो.