माहितीपट कुणाच्या मालकीचा?



मराठीत किंवा हिंदीत दमदार माहितीपट मालिका का होत नाहीत, असे विचारले की ‘प्रेक्षकच नाही’ हे उत्तर तयार असते. ते पटत नाही. सिद्धार्थ काक यांच्या ‘सिनेमा व्हिजन इंडिया’ या संस्थेने दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सुरभि’ या कार्यक्रमाला नव्वदच्या दशकात प्रेक्षकांची पत्रे पोत्यांनी येत. अडचण आहे ती मालकीची. वाहिनी किंवा ओटीटी कंपनी माहितीपट करून घेते, तेव्हा करारातल्या एका परिच्छेदात सगळे हक्क, कायमचे आणि जगभरासाठी, स्वतःकडे घेते. कायदाही तिच्याच बाजूला झुकतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ नुसार, मोबदला देऊन चित्रपट करवून घेणारा हाच त्याचा पहिला मालक ठरतो, उलट करार झालेला नसेल तर. परिणामी चार-पाच जणांची निर्मिती संस्था वर्षभर राबते, तासाभराच्या कार्यक्रमासाठी त्याच्या कितीतरी पट रशेस (असंपादित चित्रीकरण) जमवते, आणि शेवटी फायनल मास्टरबरोबर त्या रशेसच्या हार्ड डिस्कही देऊन टाकते. समजा, धरणग्रस्तांची तीन तासांची मुलाखत घेतली, त्यातली चार मिनिटे दाखवली गेली. उरलेल्या भागातून पाच वर्षांनी नवा माहितीपट करायचा म्हटले, तर ज्याने ती मुलाखत घेतली त्यालाच परवानगी मागावी लागते. अशा संस्थेकडे पुढच्या कामाचे भांडवल साठणार कुठून? फीमधून पगार आणि एडिटचे भाडे भागते, एवढेच.

ब्रिटनमध्ये ही कोंडी मुद्दाम फोडली गेली. १९८२ साली सुरू झालेल्या चॅनेल फोरने स्वतः कार्यक्रम बनवायचेच नाहीत, ते बाहेरच्या संस्थांकडून घ्यायचे, अशी रचना होती. १९९० च्या कायद्याने बीबीसी आणि आयटीव्हीला ठरावीक कार्यक्रमांपैकी किमान २५ टक्के कार्यक्रम स्वतंत्र निर्मात्यांकडून घेणे बंधनकारक केले. तरीही निर्माते दुबळेच राहिले, कारण हक्क वाहिन्यांकडेच जात होते. चित्र पालटले ते २००३ च्या कायद्यानंतर. वाहिनीने ठरावीक मुदतीचा प्रसारण परवाना घ्यायचा आणि बाकीचे हक्क निर्मात्याकडे राहायचे, हा करारांचा पाया झाला. कोट्याने काम मिळाले, पण संस्था उभ्या राहिल्या त्या हक्कांमुळे. हा फरक आपल्याकडच्या चर्चेत नेहमी निसटतो.

यावर दूरदर्शनच्या बाजूने म्हटले जाईल की पैसा जनतेचा आहे, मग मालकी खासगी संस्थेची कशी? आक्षेप गंभीर आहे. पण बीबीसीही जनतेच्या परवाना शुल्कावरच चालते, आणि तिलाही हक्क निर्मात्याकडे ठेवण्याचा हा नियम लागू झाला. शिवाय, पुढच्या विक्रीत वाहिनीचा वाटा करारातच ठेवता येतो. कपाटात धूळ खाणाऱ्या टेपपेक्षा तो वाटा जनतेच्या अधिक उपयोगाचा. खासगी वाहिन्या म्हणतील, जोखीम आमची. तेही पूर्ण खरे नाही: मंजुरीपूर्वीचे महिनोन्‌महिन्यांचे संशोधन संस्था स्वतःच्या खिशातून करते, आणि प्रस्ताव नाकारला गेला तर तो खर्च बुडतो. पूर्ण खर्च वाहिनीने उचलला असेल तिथे तिला लांब मुदतीचा परवाना आणि मोठा वाटा जरूर मिळावा. कायमची मालकी मात्र त्यातून निघत नाही.

यासाठी संसदेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. कलम १७ नेच उलट कराराची मुभा दिली आहे. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने आपल्या करारनाम्याच्या नमुन्यात हक्कांचा तो परिच्छेद बदलावा, आणि रशेस निर्मात्याच्या ताब्यात राहतील असे स्पष्ट लिहावे.

आपला,
एक वाचक, ठाणे