आधी अठरा, मग अक्षता



गुढीपाडवा झाला, कारखान्यांचे पट्टे पडले आणि गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, जिंतूरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या. ज्वारीची रास घरात आली. आता हाताला थोडी उसंत आणि गाठीला थोडा पैसा आहे. म्हणजेच आपल्याकडे लग्नसराई. म्हणून आज नांगरट आणि शेणखत बाजूला ठेवून घरातली गोष्ट बोलणार आहे. "हे शेतीवाल्या साहेबांचे काम आहे का?" असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. ज्या घरातली सोळा वर्षांची लेक बाळंतपणात दगावते, त्या घराला एकरी दोन क्विंटल उतारा वाढवून देऊन मी काय साधले?

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी माझे नेहमी जाणे असे. कुटुंब कष्टाळू. मुलगी दहावीत, हुशार. माझे माहितीपत्रक ती वडिलांना मोठ्याने वाचून दाखवी. वैशाखात तिची पत्रिका आली. मला तिचे वय ठाऊक होते. तरी मी गेलो, अक्षता टाकल्या, जेवून आलो. पुढच्या पौषात ती माहेरी आली तेव्हा सहावा महिना होता. चेहरा पांढराफटक, पाय सुजलेले, डोके सारखे दुखते म्हणायची. दवाखान्यात एकदाही नेलेली नव्हती. का? तर "वय विचारतील, पोलीस येतील." सातव्या महिन्यात झटके आले. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेले. पोर वाचली, एवढेच. त्या लग्नात मीही अक्षता टाकल्या होत्या, हे मी विसरत नाही.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या दर १०० स्त्रियांपैकी ४८ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. सबंध महाराष्ट्रात हे प्रमाण १०० त २२ च्या आसपास होते.

आई-बाप काही वैरी नसतात. सहा महिने ऊस तोडायला जायचे, तर वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? मुकादम उचल देतो ती जोडीला, म्हणून मुलाच्या घरीही सुनेची घाई. त्यात वय वाढले की हुंडा वाढतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांवर लग्न हा उपाय नव्हे. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांत मुलींची राहण्या-जेवणाची मोफत सोय असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आहे. गावातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. शाळा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटा, आपल्या तालुक्यात काय सोय आहे ते विचारा.

कायदाही नीट समजून घ्या. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण हवीत. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे असे लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पत्नी अठराच्या आतील असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हाही गुन्हाच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. गावात असे लग्न ठरल्याचे कळले तर ग्रामसेवकांना सांगा किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.

आता शरीराचे. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीची स्वतःचीच वाढ चालू असते. कंबरेचे हाड पुरते भरलेले नसते, अंगात रक्त कमी असते. त्यात गर्भ राहिला की आई आणि बाळ दोघांची ओढाताण होते. रक्तदाब वाढणे, झटके येणे, बाळंतपण अडणे, दिवस पुरे होण्याआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ होणे, हे सारे धोके वाढतात. आपण कोवळ्या गोऱ्ह्याच्या मानेवर जू ठेवत नाही. लेकीच्या बाबतीत मात्र हा विचार सुटतो.

अठरा-एकोणीसला लग्न झालेल्या घरातल्या सासूबाईंना माझी विनंती आहे. वर्षाच्या आत पाळणा हलावा असा हट्ट धरू नका. पहिले मूल सुनेच्या विशीनंतरच बरे. निरोध, माला-एन गोळ्या, तांबी, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे अंतरा इंजेक्शन, ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कोणते कोणाला चालेल ते आशाताई किंवा नर्सबाई सांगतील. आणि हे केवळ सुनेचे काम नव्हे, मुलालाही सोबत पाठवा.

तरीही कोवळ्या वयात दिवस गेलेच, तर? झाली ती चूक झाली, आता ती लपवून दुसरी करू नका. कमी वयाची नोंद झाली तर दवाखान्याला पोलिसांना कळवावे लागते, हे खरे आहे. पण त्या भीतीने पोरीचा जीव पणाला लावायचा का? वय कमी म्हणून उपचार नाकारता येत नाही. गर्भपाताचा विचार असेल, तर तो कायद्याच्या मुदतीत मान्यताप्राप्त दवाखान्यातच. गावठी औषध, परस्पर आणलेल्या गोळ्या अजिबात नकोत. बाळंतपणच करायचे असेल, तर एवढे पाळा :

१. पाळी चुकली की आशाताईंना गाठा. लघवीची तपासणी घरीच होते. पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदवा.

२. निदान चार तपासण्या करा. पहिली बारा आठवड्यांच्या आत, पुढच्या तीन चौथ्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत. दर वेळी वजन, रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासून घ्या.

३. रक्तातील हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे अशक्तपणा. चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी. ती चहासोबत घेऊ नये, लिंबू-पाण्यासोबत घ्यावी. धनुर्वाताची इंजेक्शने चुकवू नका.

४. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

५. तोडीवर जावेच लागले, तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही तपासणी होते. मोळी मात्र तिच्या डोक्यावर नको.

६. अंगावरून रक्त जाणे, चेहऱ्याला-हाताला सूज, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल कमी होणे, यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

त्या घरातली दुसरी मुलगी आता सोळाची आहे. मागच्या महिन्यात वडील बांधावर मला म्हणाले, "साहेब, हिची बारावी होऊ द्यायची ठरवलंय. स्थळं येतात, पण परत लावतो." ठिबकवर बोलायला गेलो होतो, पण त्या दिवशी ठिबकचे राहूनच गेले.

यंदा तुमच्या दारी पत्रिका आली तर आधी मुलीचे वय विचारा. कमी असेल तर मांडवात जाऊ नका, आणि का येत नाही ते त्यांना तोंडावर सांगा. मीही तेच करणार आहे.

पुढच्या आठवड्यात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासावी ते पाहू. शंभर दाणे आणि एक ओले गोणपाट तयार ठेवा.