पाच नारळांचा हिशेब

आमच्या कडेगावच्या बाजूला यात्रा उरकली, की दुसऱ्या दिवशी देवळात हिशेब वाचतात. पट्टी कोणी किती दिली, तमाशाच्या फडाला किती गेले, कुस्त्यांच्या इनामांवर किती उडाले, सारे मोठ्याने. एका वर्षी पाच नारळांचा मेळ बसेना, तेव्हा दुपार कलली तरी खजिनदाराला कोणी उठू दिले नाही. नारळ सापडले नाहीतच. त्याने पदरचे पैसे भरले, मग सभा मोडली.

आता दिल्लीची सभा पाहा. राज्यघटनेच्या ११३व्या कलमाप्रमाणे प्रत्येक खात्याचा खर्च 'मागणी' म्हणून लोकसभेपुढे येतो आणि ती मान्य करणे, कापणे वा फेटाळणे सभेच्या हाती असते. १४ मार्च २०१८ रोजी या सभेने ९९ मागण्या चर्चेवाचून सुमारे अर्ध्या तासात मंजूर केल्या. अर्थसंकल्प होता २४ लाख ४२ हजार कोटींचा! विरोधक घोषणा देत होते, सरकारने संधी साधली. दोघांचेही काम हलके झाले. २०२३ च्या मार्चमध्ये तोच प्रकार. एरवीच्या वर्षी चार-सहा खात्यांवर भाषणे होतात आणि बाकीची एकदम निकालात निघतात. या रीतीला गिलोटिन म्हणतात. शिरच्छेदाच्या यंत्राचे नाव देणाऱ्याला निदान विनोदबुद्धी होती.

कोणी म्हणेल, मागाहून तपासणी होतेच की. होते. महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत येतो, लोकलेखा समितीचे २२ सभासद त्यातले निवडक विषय चाळतात, आणि १९६७ पासून त्या समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो, ही चाल चांगलीच आहे. पण समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झालाच, तर ११५व्या कलमाखाली तो मागाहून मंजूर करून घेता येतो. कर्त्याने बैल आधी आणावा आणि दावणीला बांधल्यावर घरात विचारावे, तसे हे!

हा वकिली कीस वाटत असेल, तर म्हैसाळच्या कालव्यावर यावे. ताकारी-म्हैसाळची कृष्णा-कोयना उपसा योजना १९८४ साली सुमारे ८२ कोटींची होती. आज तिचा आकडा हजारो कोटींत आहे आणि जतच्या शेतकऱ्याच्या दोन पिढ्या पाण्याची वाट पाहण्यात गेल्या. २०१६ साली केंद्राने देशातले ९९ रखडलेले प्रकल्प हाती घेतले. त्यांत ही योजना होती, साताऱ्याचे तारळी आणि धोम-बलकवडीही होते. आनंदच झाला. पण या प्रकल्पांसाठी केंद्राच्या वाट्याचा पुष्कळसा पैसा नाबार्डमार्फत कर्जाने उभारला गेला. फेड सरकारनेच करायची, तरी ते कर्ज त्या वर्षीच्या तुटीत दिसेना! अर्थसंकल्पाबाहेरच्या अशा कर्जांवर महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात बोट ठेवले. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून सरकार अशी कर्जे हिशेबात घेऊ लागले, याचे श्रेय त्याला द्यावे; पण मधल्या वर्षांत सभागृह कशावर मत देत होते?

याच भागातल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९७० ते १९७४ देशाचे अर्थमंत्री होते. १९७३ साली त्यांनी ५५० कोटींची तूट सभागृहापुढे उघड मांडली आणि 'काळा अर्थसंकल्प' हे नाव पदरात पाडून घेतले. काळा का असेना, तो पानावर होता!

यंदा साताऱ्याचे आणि सांगलीचे खासदार यात्रेला येतील. फेटा बांधून झाला, की त्यांना देवळातच बसवावे आणि विचारावे, की जलशक्ती खात्याच्या मागणीवर आपण केव्हा उठलात, काय बोललात? आठवायला वेळ लागला तर लागू द्यावा. पाच नारळांसाठी दुपार कलेपर्यंत बसलेली माणसे आहेत ती.